पाणवठ्यावर कोण येऊन गेलं?

नवतपा लागला की दुपारी गांधीबाग कशी दिसते, हे नागपूरच्या पोरांना सांगायला नको. ठोक कापडबाजारातली दुकानं उघडी असतात, पण गिऱ्हाईक तुरळक. हमालदादा ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून हातगाडीच्या आडोशाला टेकलेले. एखाद्या आजोबांच्या खिशात कांदा. बागेतली घसरगुंडी संध्याकाळपर्यंत रिकामी, कारण तापलेल्या पत्र्यावर एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसत नाही! 25 मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि तिथून पुढचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. पारा 45 अंशांवर सहज जातो, कधी कधी 47 च्या घरात.

आणि ह्याच दिवसांत, गांधीबागेपासून साधारण 70 किलोमीटरवर, जबलपूरच्या रस्त्यानं गेलं की लागणाऱ्या पेंचच्या जंगलात काही ताया आणि दादा चालत असतात. रोज. कूलर नाही, पंखा नाही. ह्यांचं नाव वनरक्षक.

वनरक्षक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उघडी जिप्सी, काळा चष्मा, समोर वाघ. बाप्पा, ते सिनेमात! खऱ्या वनरक्षकाच्या हातात बहुतेक वेळा एक काठी असते, पाठीवर पिशवी, पिशवीत पाणी आणि डबा, खिशात मोबाइल. जिप्सी पर्यटकांची. ह्यांचे पाय. आणि वाघ? तो दिसला तर दिसला. महिनोन्‌महिने न दिसणाऱ्या प्राण्यांची हजेरी घेणं, हीच तर ही नोकरी आहे. हजेरी पण अशी, की विद्यार्थी वर्गात नाहीत आणि बाईंनी बाकांकडे बघून सांगायचं, आज कोण कोण येऊन गेलं!

समजा, आपल्या गांधीबागेतली एक ताई बारावी होऊन वनरक्षक झाली. तिला एक ‘बीट’ मिळेल. खायचं बीट नव्हे हो. जंगलाचे तुकडे पाडलेले असतात. सगळ्यात लहान तुकडा बीट, सरकारी कागदावर त्याला नियतक्षेत्र म्हणतात. काही बीट मिळून एक राउंड, तो वनपालांकडे. काही राउंड मिळून रेंज, ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे. ताईच्या बीटमधला प्रत्येक नाला, प्रत्येक टेकाड आणि प्रत्येक पाणवठा आता तिचा. राहायला एक संरक्षण कुटी. सोबतीला जवळच्या गावातले वनमजूर, ज्यांना हे जंगल लहानपणापासून पाठ आहे. खरं सांगायचं तर पहिली दोन-चार वर्षं तेच ताईचे गुरुजी.

पेंच म्हणजे काही वाळवंट नाही. वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून मोकळा होतो. एप्रिल आला की सागाची पानं खाली, नाल्यांत नुसती वाळू. उघड्या टेकडीवर पांढऱ्या सालीची कढईची झाडं चांदण्यात अशी चमकतात की लोक त्यांना ‘भुताचं झाड’ म्हणतात. ह्या दोन-अडीच महिन्यांत जंगलातला सगळा जीव पाण्याच्या मोजक्या जागांभोवती गोळा होतो. म्हणून ताईला आपल्या बीटमध्ये काय चाललंय हे कळायचं असेल, तर ती पहाटे कुठं जाईल? पाणवठ्यावर!

आणि तिथं पोचल्यावर ती पाण्याकडे नाही, आधी जमिनीकडे बघते.

पाणवठ्याच्या कडेची माती ओलसर, मऊ. शिवाय जंगलातल्या वाटांवर मुद्दाम चाळलेल्या बारीक मातीचे पट्टे करून ठेवतात. संध्याकाळी पट्टा झाडून सारखा करायचा, सकाळी बघायचं. चितळाच्या खुराचे दोन टोकदार भाग उमटतात. रानडुकराच्या खुरामागे दोन ठिपके जास्तीचे दिसतात, ते त्याच्या मागच्या लहान नखांचे. मोराची तीन बोटं पुढे. अस्वलाचा मागचा पाय तर थेट माणसासारखा वाटतो, पण पुढच्या पायाची लांब नखं पाहिली की कळतं, हा माणूस नव्हे, वाळवी खाणारे महाशय!

वाघाचा ठसा ओळखायचा सोपा नियम लक्षात ठेवा: चार बोटं, मागे मोठी गादी आणि नखं नाहीत. मांजराच्या कुळातले हे प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. ठशात नखांची टोकं दिसली तर तो बहुधा कुत्र्याच्या कुळातला, म्हणजे रानकुत्रा किंवा कोल्हा. वनरक्षक मंडळी ठशाला ‘पगमार्क’च म्हणतात.

पण कोणाचा ठसा एवढंच कळून भागत नाही. कधीचा? इथं खरी परीक्षा. ताजा ठसा धारदार असतो. ऊन लागलं की कडा ढासळतात. ठशात वाळकं पान पडलंय का? एखाद्या किड्याची बारीक रांग ठशावरून गेलीय का? रात्री फिरणाऱ्या साळिंदराचा पाय वाघाच्या ठशावर पडला असेल, तर वाघ आधी गेला. वाघाचा ठसा साळिंदरावर असेल, तर वाघ नंतर. म्हणजे घड्याळ नसताना वेळ काढायची! मला विचाराल तर गणिताच्या पेपरात असली उदाहरणं घालायला हवीत.

एकेकाळी सगळ्या देशातले वाघ ह्याच ठशांवरून मोजत. 1966 साली ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी ह्यांनी ही रीत बसवली. ठशावर काच ठेवायची, काचेवर पेननं बाह्यरेषा काढायची, मग ती कागदावर उतरवायची. किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा घ्यायचा. कल्पना अशी की प्रत्येक वाघाचा पाय वेगळा, म्हणून ठसेही वेगळे. ऐकायला छान. पण तोच वाघ चिखलात चालला, वाळूत चालला, पळाला, तर ठसा बदलतो. एकाच वाघाचे दोन मोजले जायचे. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात 2004–05 मध्ये तर कमालच झाली. कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता! मग मोजण्याची पद्धतच बदलली. 2006 पासून दर चार वर्षांनी देशभर नव्या रीतीनं गणना होते.

नवी रीत म्हणजे कॅमेरा. वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडावर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन कशाला? कारण वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतातच, पण एकाच वाघाची डावी बाजू आणि उजवी बाजूसुद्धा सारखी नसते! एकच कॅमेरा असेल, तर जाताना डावीकडून आणि येताना उजवीकडून फोटो निघालेला एकच वाघ आपण दोन समजू.

कॅमेऱ्याचं बटण कोण दाबतं? वाघच. कॅमेऱ्यात उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. समोर आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं की फोटो निघतो. आता जरा डोकं लढवा. वाघाच्या अंगाचं तापमान साधारण 38 अंश. मे महिन्यात हवेचं तापमान वाढत वाढत तिथंच येऊन पोचलं, तर? वाघ आणि मागची हवा, दोन्ही सारखेच गरम! अशा वेळी कॅमेऱ्याला वाघ ‘दिसणं’ अवघड होतं. उलट उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यानं हललं तरी तो फोटो काढून मोकळा. म्हणून कॅमेऱ्यापुढचं गवत कापणं, रोज कॅमेरा तपासणं, ही पण ताईचीच कामं. 2018 च्या गणनेत देशभर 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि फोटो निघाले 3 कोटी 48 लाखांवर. त्यातले वाघाचे किती? 76,651. उरलेल्यांत चितळं, सांबरं, बिबटे, माणसं, गाई-बैल आणि भरपूर गवत. इतक्या मोठ्या कॅमेरा-पाहणीची नोंद गिनेस बुकातही झाली. पुढच्या, 2022 च्या गणनेत भारतातले वाघ निघाले सरासरी 3,682 आणि आपल्या महाराष्ट्रातले 444.

कॅमेरे आले म्हणून पायांना सुट्टी मिळाली असं समजू नका. गणनेच्या वेळी प्रत्येक बीटमध्ये वाघ-बिबट्यांच्या खुणा शोधत एकूण 15 किलोमीटर चालायचं असतं. शिवाय 2 किलोमीटरची एक सरळ रेष आखलेली असते. तिच्यावरून सकाळी चालायचं आणि दिसलेलं प्रत्येक चितळ, सांबर, नीलगाय, किती आणि किती अंतरावर, हे लिहायचं. लेंड्यासुद्धा मोजायच्या! नाक मुरडू नका. वाघाच्या विष्ठेत सापडलेला एक केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यानं चितळ खाल्लं होतं की रानडुक्कर, हे कळतं. विष्ठा ही जंगलातली जेवणाची पावती आहे आणि ती वाचायला येणं ही वनरक्षकाची शान.

ह्या कामात जीवाला धोका असतो, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात अशाच खुणा शोधत चाललेल्या एका वनरक्षक ताईंचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून जंगलात एकट्यानं चालत नाहीत, कान उघडे ठेवतात. वानरांचा खेकसण्याचा आवाज आला, चितळाची शिट्टीसारखी हाक आली, सांबर ‘पॉंक्’ करून ओरडलं, की सगळे जागच्या जागी थांबतात. ‘कॉल चालू आहे’ एवढंच हळूच म्हणतात.

चला, पुन्हा पाणवठ्यावर.

पाणवठे काही नैसर्गिक, नाल्यातले डोह वगैरे. पण उन्हाळ्यात ते पुरत नाहीत, म्हणून बशीसारखे उथळ सिमेंटचे पाणवठे बांधतात. काही ठिकाणी बोअरवेलवर सौर पंप बसवलेले असतात. ही कल्पना फार हुशारीची: ऊन जितकं कडक, तितका पंप जोरात चालतो आणि पाण्याची गरजही तेव्हाच जास्त! जिथं पंप नाही तिथं टँकर जातो. बशीसारखा उतार मुद्दाम ठेवतात, म्हणजे लहान पिल्लू पाण्यात पडलं तर चालत बाहेर येऊ शकतं.

पाणी आहे की नाही हे बघून ताई निघून जात नाही. पाणवठ्याभोवती एक फेरी मारते. मधमाश्या मरून पडल्या आहेत का? बेडूक उलटा तरंगतोय का? शिकारी लोक कधी कधी पाण्यात युरिया नाहीतर विष कालवतात. जो प्राणी पाणी पितो तो मरतो, वाघ असो की पोपट. म्हणून रोजची ही फेरी चुकवून चालत नाही. संशय आला की पाण्याचा नमुना घ्यायचा आणि साहेबांना कळवायचं.

आता तुम्ही विचाराल, प्राण्यांना पाणी फक्त प्यायलाच लागतं का?

तुमच्या घरच्या कूलरकडे बघा. त्याच्यात बर्फ नसतो, तरी हवा गार कशी? खसेवरून पाणी ओघळतं, पंखा कोरडी हवा ओढतो, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात हा कूलर मस्त चालतो, जुलैत मात्र नुसता चिकचिकाट. का? पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर वाफ असते, पाणी लवकर सुकतच नाही. माणसाच्या अंगावरचा घाम हाच धंदा करतो. पण वाघाला घाम येतो तो फक्त पायांच्या गाद्यांना! मग तो धापा टाकतो, जिभेवरचं पाणी उडवतो. आणि फार झालं की सरळ पाण्यात जाऊन बसतो. बसतो कसा माहितीये? बहुतेक वेळा उलटा फिरून, आधी मागचे पाय, मग बाकीचं अंग. डोकं बाहेर, नजर समोरच्या झाडीवर. राजाला पाठीमागून कोणी आलेलं चालत नाही बहुतेक!

पक्ष्यांना तर घाम अजिबात येत नाही. कितीतरी पक्षी चोच उघडून गळ्याची कातडी थरथरवतात आणि तिथली वाफ त्यांना गार करते. करकोच्यांची युक्ती मात्र सगळ्यांच्या वर. ते आपल्याच पायांवर पातळ शी करतात! पाय ओले, वारा लागला, वाफ झाली, पाय गार. पायांतलं गार रक्त अंगभर. तुमच्या आईनं हे वाचून नाक मुरडलं तर सांगा, हे विज्ञान आहे.

पखुर्डी नावाचा कबुतराएवढा पक्षी आपल्या विदर्भातल्या कोरड्या माळांवरही दिसतो. पखुर्डीच्या कुळातले पक्षी वाळवंटी प्रदेशात पाण्यापासून लांब घरटं करतात, घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा. पिल्लांना उडता येत नाही, मग पाणी कोण देणार? बाबा! नर पाण्यात पोट बुडवून बसतो. त्याच्या पोटावरच्या पिसांत बारीक गुंडाळ्या असतात. ओल्या झाल्या की त्या उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. मग तो कित्येक किलोमीटर उडत येतो आणि पिल्लं त्याच्या पोटाला तोंड लावून पाणी पितात. 1896 साली मीड-वाल्डो नावाच्या एका इंग्रज गृहस्थांनी पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्यांत हे पाहून लिहिलं, तर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. 1967 मध्ये केड आणि मॅक्लीन ह्या दोन शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या कलहारीत मोजूनच दाखवलं: एक नर सुमारे 25 मिलिलिटर पाणी नेऊ शकतो. म्हणजे चहाचे पाचेक चमचे. पिल्लांना तेवढं पुरतं.

पाण्याचं झालं. आता आग.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात, पहाटे. ती वेचायला गावातली माणसं येतात. खाली सागाच्या वाळक्या पानांचा हा एवढा थर. त्यात फूल दिसणार कसं? मग कोणीतरी झाडाखालचा पाचोळा पेटवतं. वारा आला की आग त्या झाडाखाली थोडीच थांबते! म्हणून उन्हाळ्याआधीच जंगलात जाळरेषा काढतात, म्हणजे लांबच्या लांब पट्ट्यातलं गवत-पाचोळा आधीच साफ करून टाकायचा. आग तिथपर्यंत येते, खायला काही मिळत नाही, विझते. तरी पेटलीच तर? वर आकाशात फिरणारे उपग्रह जमिनीवरची धग टिपतात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून तो निरोप वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. मग ताई, वनमजूर, गावचे हंगामी अग्निरक्षक हिरव्या फांद्या घेऊन धावतात. उपग्रह आकाशात, पण विझवायला शेवटी पळसाची फांदीच! हे मला फार आवडतं.

पेंचमधून जबलपूरचा महामार्ग जातो, हे वर सांगितलंच. रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा प्रश्न आला, प्राणी ओलांडणार कसे? मग महाराष्ट्राच्या हद्दीत लहान पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ जागा प्राण्यांसाठी सोडल्या. गाड्या वरून, प्राणी खालून. त्यातले दोन मार्ग तर 750 मीटर लांब. खाली कॅमेरे लावले आणि बघितलं, तर 2019 मध्ये 18 जातींचे वन्यप्राणी खालून जाताना सापडले. चितळं सगळ्यात जास्त, आणि हो, वाघही. पुढच्या वेळी त्या रस्त्यानं जाल तेव्हा लक्षात असू द्या, तुमच्या गाडीखालून कदाचित कोणीतरी पट्टेवाला चाललेला असेल.

अशी नोकरी फक्त आपल्याकडे असते असं नाही. जगात जिथं जिथं उन्हानं भाजणारी उद्यानं आहेत, तिथं तिथं तरुण मुलंमुली हेच करतात: पाणी बघा, खुणा बघा, मोजा, लिहा.

अमेरिकेतलं डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यान घ्या. 10 जुलै 1913 रोजी तिथं 56.7 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. जगातल्या सर्वांत जास्त तापमानाची अधिकृत नोंद तीच. ह्या उद्यानाचा एक छोटा, बाजूला पडलेला तुकडा म्हणजे डेव्हिल्स होल. खडकातली एक फट, आत कोमट पाणी, खोली इतकी की तळ कोणाला सापडलेला नाही. त्या पाण्यात इंचभर लांबीचे निळसर मासे राहतात. साऱ्या पृथ्वीवर त्यांचं रानातलं घर हे एकच! दर वर्षी वसंतात आणि शरदात त्यांची शिरगणती होते. काही जण पाण्यात बुडी मारून मोजतात, काही जण काठावरून. 2013 च्या वसंतात मोजले तर फक्त 35 भरले. एका जातीचे सगळे मिळून 35! पुढं ते वाढले. आणि एक चमत्कार ऐका. 19 सप्टेंबर 2022 ला मेक्सिकोत भूकंप झाला, दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर. साधारण 22 मिनिटांनी ह्या फटीतल्या पाण्यात माणसाच्या कमरेएवढ्या लाटा उसळल्या!

तिकडच्याच वाळवंटातलं कासव आपल्या मूत्राशयात पाणी साठवून ठेवतं, महिनोन्‌महिने पुरेल इतकं. कोणी कौतुकानं त्याला उचललं की ते घाबरून सगळं सोडून देतं. साठा संपला, पुढचा पाऊस कधी कोण जाणे! म्हणून तिथले वनकर्मचारी पर्यटकांना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात: कासवाला हात लावू नका, आणि गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, सावलीला कासव बसलं असेल.

आपल्या देशातलं वाळवंटी उद्यान म्हणजे राजस्थानात जैसलमेर-बाडमेरकडचं राष्ट्रीय मरु उद्यान. 1980 चं, तीन हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचं. तिथला मानकरी माळढोक. मीटरभर उंच, नर 15 किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत अगदी वजनदारांपैकी एक. भारतात आता दीडशेही उरले नसावेत असा अंदाज आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे नाकासमोरची विजेची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि तो आदळतो. शिवाय मादी एका वेळी घालते एकच अंडं. म्हणून जैसलमेरजवळ सम गावी माळढोकांचं प्रजनन केंद्र उभारलं. माळावरची अंडी जपून आणायची, उबवणी यंत्रात ठेवायची, पिल्लू निघालं की हातानं भरवायचं. 2019 मध्ये तिथं पहिलं पिल्लू निघालं. तिथं तरुण मंडळी पिल्लांच्या दाई झालेली आहेत.

आणि माळढोक आपल्याकडेही होता बरं! सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा-भद्रावतीकडच्या शेतांत, नागपूरहून फक्त दोनेक तासांवर, माळढोक दिसत असत. गवताळ माळ म्हणजे ‘पडीक जमीन’ असं समजून आपण नांगरून टाकले, तारा ओढल्या, झाडं लावली. झाडं लावणं नेहमीच चांगलं असतं असं नाही, हे मोठ्या माणसांना तुम्हीच समजावून सांगा. माळाला माळच राहू द्यावं लागतं.

एवढं सगळं गांधीबागेच्या पोरांना कशाला सांगायचं? कारण तुमच्या नळाचं पाणी. नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी जलाशयातून येतो. हे पाणी ज्या डोंगरांवरून उतरतं, तिथं जंगल आहे. पावसाचं पाणी पानांवर अडतं, पाचोळ्यात मुरतं आणि हळूहळू नदीला येतं. तुमच्या माठातलं पाणी म्हणजे त्याच पावसाचा वाटा, ज्याच्यावर पेंचचा वाघही जगतो!

कोणाला वाटलं असेल, आपणही वनरक्षक व्हावं, तर ऐका. बारावी व्हावं लागतं, विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र ह्यांपैकी निदान एक विषय घेऊन. मग लेखी परीक्षा. मग पळणं: मुलांना 5 किलोमीटर, मुलींना 3. आणि शेवटी चालणं: चार तासांत मुलांनी 25 किलोमीटर, मुलींनी 16. आजपासून लिफ्ट सोडून जिन्यानं जायला लागा!

तोपर्यंत एक बीट मी तुम्हाला देतो, तुमची गच्ची. मातीचं पसरट परळ आणा, सावलीत ठेवा, पाणी भरा, मधे एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे मधमाशी बुडणार नाही. सकाळी आणि संध्याकाळी पंधरा-पंधरा मिनिटं लांब बसून बघा आणि वहीत लिहा: तारीख, वेळ, कोण आलं, किती आले, प्यायले की आंघोळ केली. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, पारवे, कावळे, खारी, जो येईल त्याची नोंद. जून लागला आणि पहिला पाऊस पडला की हजेरी बदलते का, तेही बघा. पाणी मात्र रोज सकाळी ओतून, परळ घासून नवं भरायचं. शिळ्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात, आणि त्यांची हजेरी आपल्याला नकोय.